वारं गेलं नव्हतं, रक्त अडलं होतं

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : महाड-पोलादपूरमधल्या पक्षाघाताच्या रुग्णांना साडेचार तासांच्या आत उपचार मिळण्याबाबत.

महोदय,

पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर म्हातारे माणूस सकाळी उठायला जाते आणि उजवा हात-पाय उचलत नाही, तोंड एका बाजूला ओढलेले, बोलणे बोबडे. शेजारीपाजारी जमतात आणि एकच निदान होते : “अंगावरून वारं गेलं.”

या निदानात रोगाचे नाव आहे, तसा सल्लाही दडलेला आहे. वाऱ्याला कोण अडवणार? ते आले आणि गेले. मग घाई कशाची? गाडी उद्या सांगू, मुंबईचा मुलगा आला की ठरवू, तोवर अमुक गावच्या वैदूचे तेल चोळू. कबुतराचे रक्त चोळायला सांगणारेही भेटतात. दोन दिवसांनी रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा डॉक्टरच्या हातात मालिश आणि व्यायाम एवढेच सांगणे उरते.

प्रत्यक्षात वारे कुठूनही आलेले नसते. दहापैकी सात-आठ रुग्णांच्या मेंदूतल्या एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांची धमनी फुटून मेंदूत रक्त सांडलेले असते. पहिल्या प्रकारात मेंदूचा बराचसा भाग त्या क्षणी मेलेला नसतो, तो मरायच्या वाटेवर असतो. ही वाट किती लांबीची आहे आणि महाडचा रस्ता किती लांबीचा आहे, या दोन अंतरांची तुलना करण्यासाठी हे पत्र आहे.

मेंदूचे वजन साधारण चौदाशे ग्रॅम. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा, पण शरीर वापरते त्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याला लागते. एवढा खाणारा अवयव, आणि घरात साठवण जवळपास शून्य. शस्त्रक्रियेच्या वेळी पायाला पट्टा आवळून त्याचा रक्तपुरवठा दीड-दोन तास बंद ठेवता येतो, पाय शाबूत राहतो. दात्याकडून काढलेले मूत्रपिंड बर्फात ठेवून दुसऱ्या शहरात नेता येते. मेंदूला हे जमत नाही. 1943 मध्ये अमेरिकेत काही तरुण स्वयंसेवकांच्या मानेभोवती हवेचा पट्टा फुगवून मेंदूचा रक्तप्रवाह क्षणभर थांबवण्याचा प्रयोग झाला होता. पाच ते दहा सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली.

गुठळी अडकते तेव्हा मात्र सगळ्या मेंदूचे पाणी एकदम तुटत नाही. कशेडी घाट बंद पडला की वाहने विन्हेरे-नातूनगर रस्त्याने वळवतात, तसे शेजारच्या बारीक वाहिन्यांमधून थोडे रक्त अडलेल्या भागात शिरत राहते. ते किती शिरते यावर पुढचे सारे अवलंबून. निरोगी मेंदूच्या शंभर ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे पन्नास मिलिलिटर रक्त मिळते. ते वीसच्या खाली गेले की पेशी काम थांबवतात : हात हलत नाही, शब्द सुचत नाही. पण पेशी जिवंत असतात. जीव राखण्यापुरती ऊर्जा त्यांच्याकडे असते, काम करण्यापुरती नसते. प्रवाह दहाच्या आसपास किंवा त्याखाली गेला की मात्र मरण सुरू होते.

या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्याला 1981 मध्ये आस्ट्रुप, सिस्यो आणि सायमन या तीन संशोधकांनी ग्रहणातला शब्द दिला : पेनम्ब्रा. मराठीत उपच्छाया. दाट सावली पडलेला गाभा गेलेला असतो. त्याच्या भोवतीची फिकी सावली उठू शकते. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ग्रहणाचा स्पर्श कधी आणि मोक्ष कधी, हे पंचांगात मिनिटासकट छापलेले असते आणि घराघरांत ते पाहून पाणी ओतले जाते, अन्न झाकले जाते. मेंदूला लागलेल्या ग्रहणाचा स्पर्शकाळ मात्र कोणी टिपून ठेवत नाही, आणि मोक्ष आपोआप होत नाही.

सावलीच्या आत काय चालते? चेतापेशी ही सावित्रीच्या खाडीतल्या गळक्या होडीसारखी समजावी. बाहेरचे क्षार सतत आत झिरपत असतात आणि पेशीच्या भिंतीतले पंप ते सतत बाहेर उपसत असतात. पेशीची निम्म्याहून अधिक ऊर्जा या उपशातच खर्च होते. ऑक्सिजन आणि साखर संपली की उपसणारा माणूस थकून बसतो. सोडियम आत येते, त्याच्यामागे पाणी येते, पेशी फुगते. फुगलेली पेशी आपल्याजवळचे ग्लुटामेट हे निरोप्या रसायन बाहेर ओतते. एरवी थेंबाथेंबाने वापरायचे हे रसायन एकदम सांडले की शेजारच्या पेशी नको तितक्या चेतवल्या जातात, त्यांच्यात कॅल्शियम घुसते आणि त्या आतून पोखरल्या जातात. म्हणजे बुडणारी होडी शेजारच्या होडीला धरून ओढते. उपच्छाया अशीच आक्रसत जाते आणि गाभा वाढत जातो.

कॅलिफोर्नियातले जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये या आक्रसण्याचा हिशेब मांडला. मेंदूची मोठी धमनी बंद झाली आणि उपचार झाला नाही, तर सरासरी दर मिनिटाला 19 लाख चेतापेशी मरतात. एका तासात मेंदू साडेतीन वर्षांहून अधिक म्हातारा होतो. ही सरासरी आहे. कोणाच्या आडवाटा रुंद असतात, कोणाच्या अरुंद. पण मिनिटे मोजायची ती कशासाठी, हे या आकड्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

महोदय, मेंदूची ही तहान महाडला नवीन नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रक्त वाहत असते, पण त्यात ऑक्सिजन नसतो. पुरात बुडालेल्याचे आधी तसेच होते, आणि काही मिनिटांत हृदय थांबले की रक्तही थांबते. तेव्हा एक भाग नव्हे, सगळा मेंदू सावलीत जातो. अशा वेळी सगळ्या पेशी सारख्या मरत नाहीत. आठवणी जपणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी सर्वांत नाजूक. 1982 मध्ये जपानच्या ताकाआकी किरिनो यांनी उंदरासारख्या जर्बिल प्राण्यांच्या मेंदूचा रक्तप्रवाह फक्त पाच मिनिटे थांबवून पुन्हा सुरू केला. प्राणी वरकरणी सावरले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी दोन ते चार दिवसांनी मेल्या. पाण्यातून काढलेला माणूस उठून बसला म्हणजे धोका टळला, असे समजून त्याला घरी नेऊ नये, याचे एक कारण हेच.

आणि विंचू. लाल विंचवाच्या दंशाने शरीरात संप्रेरकांचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय दमते, फुप्फुसात पाणी भरते आणि ऑक्सिजनला रक्तात शिरायला जागा राहत नाही. कोकणात दंश झालेल्यांपैकी गंभीर रुग्ण, त्यातही मुले, मोठ्या संख्येने दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणे टिपली, 1982 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुरस्काराची नाही, जागेची आहे. तो उपाय मुंबईच्या अतिदक्षता विभागात सापडला नाही. रुग्ण जिथे येत होता तिथेच, आणि तिथल्या कपाटात ठेवता येईल अशा औषधाने तो झाला.

इथे एक सावधगिरीची नोंद हवी. रक्तदाब उतरवणाऱ्या ज्या गोळीने विंचू उतरला, त्याच जातीचा मोह पक्षाघातात घात करतो. रुग्णाचा रक्तदाब 190 दिसला की जिभेखाली गोळी फोडून तो झपकन खाली आणायची सवय अनेक गावांत आजही आहे. पण तो चढलेला दाब बऱ्याचदा शरीराने स्वतःच चढवलेला असतो. अरुंद आडवाटांमधून उपच्छायेपर्यंत रक्त ढकलण्याचा तो प्रयत्न असतो. दाब एकदम पाडला की उपच्छायेला मिळणारा शेवटचा घोटही तुटतो. गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे असेल तर 185/110 च्या आत, नाहीतर 220/120 च्या वर गेल्याशिवाय घाई नको, असा सध्याचा दंडक आहे. तसेच तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नये, कारण गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात आणि घोट फुप्फुसात जातो. रक्तातली साखर तपासावी. ती फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात, आणि फार चढलेली असली तर उपच्छायेत आम्ल वाढून नुकसान वाढते. ताप असेल तर उतरवावा. यातल्या एकाही गोष्टीला मुंबई लागत नाही.

मुंबई लागते ती पुढे.

1995 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवले की लक्षणे दिसल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे टीपीए हे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळपास धडधाकट असण्याची शक्यता किमान तीस टक्क्यांनी वाढते. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. औषधाला धार आहे : त्या पहिल्या चाचणीत औषध घेतलेल्या शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. धमनी फुटून झालेल्या पक्षाघातात ते दिले तर जीवच घेईल. गुठळी आहे की रक्तस्राव, हे नाडी बघून, डोळ्यांत बघून कळत नाही. सीटी स्कॅन लागतोच. 2015 नंतर मोठ्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचार सिद्ध झाला, आणि निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडतो. तो मोठ्या शहरांतच होणार, हे महाडकरांना मान्य आहे. सीटी आणि इंजेक्शन मात्र वाटेतच मिळायला हवे.

कारण वाट अशी आहे. समजा, कुडपणसारख्या दुर्गम गावातल्या एका आजीला पहाटे झटका आला. घाट उतरून पोलादपूर, तिथून अठरा-वीस किलोमीटरवर महाड. महाडहून अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटर. मुंबई पावणेदोनशेच्या आसपास, आणि 2011 पासून रुंद होत असलेला तो महामार्ग कुठे मोकळा, कुठे खोदलेला. पुणे वरंध घाटाने सव्वाशे किलोमीटर, पण पावसाळ्यात हा घाट वाहतुकीला बंद होतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाड शहर पाण्याखाली होते आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दरडी आणि पुरामुळे मदतपथके तिथे दुसऱ्या दिवशी पोहोचली. त्या रात्री गुठळी अडकलेल्या माणसाला साडेचार तासांत पनवेल गाठून देणारी रुग्णवाहिका कोणाकडेच नव्हती.

अंतरापेक्षाही मोठी अडचण घड्याळाची. वाड्यांवर राहिलेत म्हातारे, कर्ती माणसे मुंबई-ठाण्यात चाकरमानी. आजी सकाळी लुळी सापडली तर झटका केव्हा आला? डॉक्टर विचारतात, शेवटचे धड कधी पाहिले होते? घरात दुसरे कोणी नसते. पण आजीच्या खाटेवर बहुतेक वेळा एक साधा मोबाइल असतो, आणि रात्री नऊला मुलगा फोन करतो. मुलाने सांगितले की काल नऊ वाजून दहा मिनिटांनी आई नीट बोलत होती, किंवा पहाटे साडेपाचला शेजारणीने तिला चूल पेटवताना पाहिले, तर हीच नोंद औषध द्यायचे की नाही हे ठरवते. चाकरमान्याच्या फोनमधली ती वेळ वैद्यकीय पुरावा आहे, हे एकाही गावात कोणी सांगितलेले नाही.

रुग्ण किती? डॉ. पी. एम. दलाल यांच्या पथकाने 2005-06 मध्ये मुंबईच्या एका भागातली सुमारे दीड लाख वस्ती पाहून वर्षाला लाखात 145 नवे पक्षाघात नोंदवले. तेच माप महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या सुमारे सव्वादोन लाख लोकसंख्येला लावले तर वर्षाला सव्वातीनशेच्या आसपास, म्हणजे दिवसाआड एकाहून जास्त. हा महाडचा मोजलेला आकडा नाही, मुंबईची फूटपट्टी आहे. इथे म्हातारी माणसे अधिक, म्हणून खरा आकडा याहून कमी असेल असे मानायला जागा नाही. तिकडे गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतले मृत्यू तपासले तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले : सातातला एक मृत्यू. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे दिसले. त्यातले बहुतेक जण घरीच गेले.

यावर मंत्रालयातून येणारे उत्तर ठाऊक आहे : तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ कुठून आणायचा? आणायचा नाही. हिमाचल प्रदेशाने 2014 पासून निराळा मार्ग धरला. तिथले रस्ते आमच्या आंबेनळी घाटापेक्षा सोपे नाहीत. सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनना शिकवले, स्कॅनची चित्रे फोनवरून तज्ज्ञाला पाठवायची सोय केली, औषध सरकारने मोफत पुरवले. मेंदूविकारतज्ज्ञ दूर बसून हो किंवा नाही सांगतो, सुई तिथलाच डॉक्टर टोचतो. आसामात दिब्रुगडला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सीटी यंत्रच गाडीत बसवून गाडी रुग्णाकडे नेली. आणि औषधासाठी दूर पाहायला नको. गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे नव्या पिढीचे औषध पुण्यातली जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी बनवते. टीपीए तासभर थेंबथेंब द्यावे लागते, हे एका दमात देता येते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते पक्षाघातासाठी 2025 मध्ये मंजूर केले. भारतात त्याला परवानगी त्याच्या कितीतरी आधी मिळाली आहे.

म्हणून मागण्या अशा आहेत. महाडमध्ये चोवीस तास चालणारा सीटी स्कॅन, आणि रात्री तो चालवायला तंत्रज्ञ. नुसते यंत्र नको. कुलूपबंद यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पुष्कळ आहेत. त्याच इमारतीत गुठळी विरघळवणारे औषध, मोफत. अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा मुंबईच्या एखाद्या मोठ्या शासकीय रुग्णालयातून फोनवर उपलब्ध असलेला तज्ज्ञ, पाळीनुसार नावानिशी. 108 च्या रुग्णवाहिकेला लेखी सूचना : तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळलेले असेल तर वाटेतल्या प्रत्येक दवाखान्यात थांबायचे नाही, सीटी असेल तिथे निघायचे आणि निघतानाच तिथे फोन करायचा. इंजेक्शन सुरू झाले की मोठ्या गुठळीचा रुग्ण पुढे मुंबई-पुण्याला.

आशा ताईंच्या हाती रक्तदाबाचे यंत्र आणि औषधांचा अखंड पुरवठा ही मागणी यादीत शेवटी आली असली तरी वजनाने पहिली आहे. पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण चढलेला रक्तदाब. गोळ्या मध्येच संपल्या म्हणून सोडलेल्या रुग्णांपैकीच उद्या कोणाच्या तरी घरी शेजारी जमून वाऱ्याला दोष देतील.

मान्सून कोकणात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि मग वरंध बंद होतो. त्याआधी या पत्राला उत्तर मिळावे, आणि त्यात धोरण, प्रस्ताव, विचाराधीन हे शब्द नसले तरी चालतील. तीन ओळी पुरेत : महाडचा सीटी कोणत्या तारखेपासून रात्रीही सुरू राहील, औषधाची कुपी कोणत्या कपाटात ठेवलेली असेल, आणि पहाटे तीन वाजता महाडहून फोन गेला तर तो कोण उचलेल.

कळावे,

महाड-पोलादपूरचे रहिवासी